एका टाकीत दोन जातींचे क्लाउनफिश : एका घरगुती प्रश्नाचा इतिहास



याच व्यासपीठावरून तुम्ही किल्ल्यांवर ऐकलंत, बखरींवर ऐकलंत, दुष्काळांवर ऐकलंत. आज एक निवृत्त इतिहास शिक्षक तुमच्यासमोर काचेची टाकी घेऊन उभा आहे. (हशा) प्रश्नही अगदी घरगुती आहे: वेगवेगळ्या जातींचे क्लाउनफिश एकाच टाकीत ठेवता येतात का? दुकानात विचारलंत तर उत्तर एका वाक्यात मिळतं. पण ते वाक्य कुठून आलं, कोणी कधी काय पाहिलं आणि काय पाहायचं राहून गेलं, हे शोधायला गेलं की सव्वादोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास हाताला लागतो. तो आज सांगायचा आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. २००५ सालची गोष्ट. आदल्या एक-दोन वर्षांत ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट येऊन गेला होता आणि घराघरांतल्या मुलांना तो नारिंगी मासा माहीत झाला होता. माझ्याकडे चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी होती. म्हणजे साधारण अडीचशे लिटर खारं पाणी. तिच्यात ऑसेलॅरिस जातीची एक जोडी वर्षभर सुखानं राहत होती. एक मोठा, एक लहान. मला वाटलं, टाकी रिकामी रिकामी दिसते, आणखी एक मासा हवा. दुकानात गडद तांबड्या रंगाचा, चार इंची मरून क्लाउन होता. मी विचारलं, जमेल का यांचं? दुकानदार म्हणाले, “सर, सगळे क्लाउनच आहेत. एकाच घराण्यातले. राहतील की.”

तिसऱ्या दिवशी माझ्या मोठ्या ऑसेलॅरिसचे पर फाटलेले दिसले. आठव्या दिवशी तो पंपाच्या मागे मेलेला सापडला. लहान पाण्याच्या अगदी पृष्ठभागाशी, कोपऱ्यात, शेपटी फाटलेल्या अवस्थेत थरथरत होता. त्याला बादलीत काढला. मरून दुकानात परत दिला, अर्ध्या किमतीत. त्या माशाचा दोष नव्हता आणि खरं सांगायचं तर दुकानदारांचाही फार नव्हता. ते जे बोलले ते तेव्हा सगळेच बोलत होते. वाचून, विचारून टाकीत मासा सोडायची जबाबदारी माझी होती.

आम्हा इतिहासवाल्यांची एक खोड असते. काही चुकलं की आम्ही ‘असं का झालं’ याच्याबरोबर ‘हे आधी कोणाला माहीत होतं’ असंही विचारतो. मी तेच करायला बसलो.

आता मागे जाऊ. बर्लिनमध्ये मार्कुस ब्लॉख नावाचे एक वैद्य होते. जगभरातून माशांचे नमुने मागवायचे, त्यांची चित्रं काढून घ्यायची आणि वर्णनं छापायची, हा त्यांचा ध्यास. मी टाकीत सोडलेल्या मरून क्लाउनचं पहिलं शास्त्रीय वर्णन त्यांनी १७९० साली केलं. पुढे लासेपेद या फ्रेंच अभ्यासकानं १८०२ मध्ये पर्क्युला या जातीला नाव दिलं. क्युव्हिएनं १८३० मध्ये ऑसेलॅरिसला दिलं. त्याच साली बेनेटनं श्रीलंकेच्या किनाऱ्यावरच्या माशांच्या पुस्तकात क्लार्काय या जातीची नोंद केली. म्हणजे १८३० पर्यंत आजच्या दुकानांत दिसणाऱ्या बऱ्याच जातींची नावं ठरलेली होती.

पण यातले बहुतेक मासे या मंडळींनी मद्यार्काच्या बरणीत पाहिले होते, किंवा वाळवलेले. बरणीत दोन जाती शेजारी शेजारी ठेवल्या तर भांडत नाहीत. पट्टे मोजता येतात, परांतले काटे मोजता येतात, पण तो मासा कोणाशेजारी राहतो, कोणाला हाकलतो, हे बरणी सांगत नाही. ‘सगळे एकाच घराण्यातले’ हे वाक्य खरं म्हणजे बरणीतलं वाक्य आहे. वर्गीकरणात ते बरोबर आहे. टाकीत त्याचा उपयोग नाही.

जिवंत मासा त्याच्या घरात पाहून लिहिणारा एक माणूस १८६० च्या दशकात भेटतो. कथबर्ट कॉलिंगवुड हा इंग्रज निसर्गअभ्यासक आरमारी जहाजांवरून चिनी समुद्रात हिंडत होता. तिथल्या प्रवाळखडकांवर त्यानं प्रचंड मोठी समुद्रपुष्पं पाहिली. समुद्रपुष्प म्हणजे ॲनिमोन. दिसतं फुलासारखं, पण तो प्राणी आहे आणि त्याच्या सोंडांमध्ये डंख असतो. या डंखणाऱ्या प्राण्याच्या आत छोटे मासे बिनधास्त राहत होते. १८६८ साली त्यानं हे छापलं. त्या माशांना त्यानं जवळजवळ परजीवी ठरवलं. आज आपण त्याला सहजीवन म्हणतो: मासा समुद्रपुष्पाचं रक्षण करतो, त्याच्या विष्ठेतून समुद्रपुष्पाला पोषण मिळतं आणि माशाला आसरा मिळतो.

या शोधानं अभ्यासकांची नजर एका जागी खिळली. पुढची शंभर वर्षं सगळ्यांना एकच कोडं पडलं: या माशाला डंख का होत नाही? १९५८ साली डॅव्हनपोर्ट आणि नॉरिस यांनी प्रयोग करून दाखवलं की समुद्रपुष्पापासून काही काळ दूर ठेवलेला मासा परत आला की तो हळूहळू, अंग घासत घासत स्वतःला सरावून घेतो आणि त्याच्या अंगावरच्या चिकट थराचा यात हात आहे. प्रयोग उत्तम. पण बघा, प्रश्न सगळा मासा आणि समुद्रपुष्प यांच्यातला. मासा आणि मासा यांचं काय, हे त्या काळात फार कोणी विचारत नव्हतं. मैत्रीची गोष्ट इतकी गोड होती की भांडणाकडे लक्षच गेलं नाही.

दरम्यान दुसऱ्या बाजूनं टाकी तयार होत होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. त्यामागे फिलिप हेन्री गॉस हा माणूस होता. १८५४ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि इंग्लंडात घरोघरी काचेच्या टाक्यांचं वेड पसरलं. निरनिराळे क्षार पाण्यात मिसळून कृत्रिम समुद्रपाणी कसं करायचं, हेही गॉसनं त्याच वर्षी मांडलं. पण त्या टाक्यांत राहायचे ते इंग्लंडच्या थंड किनाऱ्यावरचे जीव. उष्ण समुद्रातला क्लाउनफिश घरी पोचायला चार गोष्टी लागणार होत्या: पाणी ऊबदार ठेवणारा हीटर, गंजणाऱ्या लोखंडी चौकटीशिवायची टाकी, पिशवीतला तयार मीठ-मसाला आणि विमान. या चारही गोष्टी एकत्र जुळून आल्या त्या दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५९ साली अमेरिकेत रॉबर्ट स्ट्रॉनचं घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवरचं पुस्तक निघालं. १९६० च्या दशकात तयार समुद्री मीठ बाजारात आलं आणि सिलिकॉननं जोडलेल्या, धातू नसलेल्या काचेच्या टाक्या आल्या. समुद्रापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या माणसालाही आता दिवाणखान्यात समुद्र ठेवता येऊ लागला.

आपल्याकडे मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. इथे बसलेल्या अनेकांनी आयुष्यातला पहिला समुद्री मासा काचेपलीकडे पाहिला तो तिथेच, आईवडिलांचं बोट धरून. मीही तसाच. पण तिथे पाहणं वेगळं आणि घरी पाळणं वेगळं. मत्स्यालयात कोणाला कोणाबरोबर ठेवायचं हे ठरवणारा माणूस आपल्याला दिसत नाही. आपल्याला फक्त शांतता दिसते.

आता १९७० च्या दशकात या. इथे आपल्या प्रश्नाचा इतिहास खऱ्या अर्थानं सुरू होतो. १९७२ साली जेराल्ड ॲलन यांचा क्लाउनफिशांच्या वर्गीकरणावर आणि जीवशास्त्रावर मोठा ग्रंथ आला. पाणबुड्याची साधनं आता अभ्यासकांच्या हाती होती, त्यामुळे बरणीऐवजी समुद्रातच बसून बघता येत होतं. मग १९७७ मध्ये हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात जे छापलं त्यानं सगळा विषयच फिरला. पुढच्याच वर्षी जॅक मोयर आणि नाकाझोनो यांनी जपानमधल्या सहा जातींत तेच दाखवलं.

काय दाखवलं? एका समुद्रपुष्पात राहणाऱ्या क्लाउनफिशांत सगळ्यात मोठा मासा मादी असतो. दुसऱ्या क्रमांकाचा नर. बाकीचे छोटे असतात, त्यांचं प्रजनन चालू झालेलं नसतं. मादी मेली तर नर मादी बनतो आणि खालचा एक छोटा नर होतो. म्हणजे वरची जागा रिकामी झाली की एकेक पायरी बढती. सरकारी कचेरीत असते तशी. (हशा) आणि ही उतरंड टिकते कशावर? दमदाटीवर. मादी नराला दाबते, नर खालच्यांना दाबतो. ‘फाइंडिंग निमो’त निमोची आई सुरुवातीलाच जाते. खऱ्या समुद्रात पुढे निमोच्या बाबांची आई झाली असती.

इथे मला माझ्या घरच्या त्या वाचलेल्या लहान माशाचं सांगायला हवं. त्याला मी वेगळ्या टाकीत ठेवलं. शेपटी भरून आली. काही महिन्यांनी त्याच जातीचं एक अगदी छोटं पिल्लू त्याच्याबरोबर सोडलं. सुरुवातीला थोडी टोचाटोची, मग छोट्यानं अंग थरथरवून शरणागती दाखवली आणि दोघं एकत्र राहू लागले. सव्वा वर्षानंतर एका सकाळी दगडावर नारिंगी अंड्यांचा ठिपका दिसला. ज्याला मी इतके दिवस ‘तो’ म्हणत होतो, तिनं अंडी घातली होती. अंड्यांना पंख्यासारखं वारा घालायचं काम करत होतं ते पिल्लू, जे आता नर झालं होतं. फ्रिके पती-पत्नींनी १९७७ मध्ये लिहिलेलं मी माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी बघत होतो.

ही उतरंड किती बारीक आहे हे २००३ मध्ये पीटर बस्टन यांनी दाखवलं. पापुआ न्यू गिनीच्या समुद्रात पर्क्युला जातीचे मासे त्यांनी मोजले. प्रत्येक मासा आपल्या वरच्यापेक्षा ठरावीक अंतरानं लहान राहतो. नुसता लहान असतो असं नाही, तो आपली वाढच आवरून धरतो. कारण वरच्याच्या अंगाजवळ पोचला की तो प्रतिस्पर्धी ठरतो आणि वरचा त्याला हाकलतो. हाकललेला छोटा मासा उघड्या समुद्रात फार काळ वाचत नाही. म्हणून तो लहान राहून थांबतो, आपली पाळी येण्याची वाट बघतो.

‘हाकलतो’ हा शब्द लक्षात ठेवा. समुद्रात हाकललेल्या माशाला निदान पळायला जागा असते. दुसरं समुद्रपुष्प सापडण्याची एक शक्यता असते. माझ्या टाकीत ती नव्हती. समुद्रातल्या काही समुद्रपुष्पांचा व्यास एक मीटरच्या वर जातो. म्हणजे माझी अख्खी चार फुटी टाकी मरूनच्या दृष्टीनं एकाच समुद्रपुष्पाचं अंगण होतं. अंगणात दुसरं कोणी नको, हे तो सांगत होता आणि बाहेर जायला दार नव्हतं. पंपाच्या मागचा कोपरा हीच काय ती बाहेरची जागा.

तर मग नियम ठरला: एक टाकी, एक जोडी. छंदवाल्यांत हा नियम आज रूढ आहे आणि नवशिक्यानं तो पाळावा, हे माझं मत मी आताच सांगून टाकतो. पण इतिहासकाराचं काम नियम सांगून संपत नाही. कारण समुद्रात पाहिलं तर उलटे पुरावेही मिळतात.

२००१ साली एलियट आणि मॅरिस्कल यांनी पापुआ न्यू गिनीतल्या मादांग या ठिकाणचा अभ्यास प्रसिद्ध केला. बस्टन यांनी मासे मोजले तेही तिथेच. तिथे एकाच परिसरात क्लाउनफिशांच्या नऊ जाती नांदतात. कशा? प्रत्येकीनं आपापलं वाटून घेतलंय. काही जाती ठरावीक समुद्रपुष्पातच राहतात. मरून क्लाउन एकाच प्रकारच्या समुद्रपुष्पाला धरून असतो, तर क्लार्काय दहाही यजमान प्रकारांत चालवून घेतो. कोणी किनाऱ्याजवळच्या खडकांवर, कोणी बाहेरच्या. शेजार आहे, पण भिंती आहेत.

आणि कधी कधी भिंतीही नसतात. जपानमध्ये हात्तोरी यांनी क्लार्काय आणि गुलाबी स्कंक या दोन जाती एकाच समुद्रपुष्पात राहताना अभ्यासल्या. २०१६ मध्ये एमा कँप आणि सहकाऱ्यांनी इंडोनेशियाच्या बाजूला, जिथे क्लाउनफिशांच्या जाती सगळ्यात जास्त आणि समुद्रपुष्पं मात्र मोजकी, तिथे दोन जातींचं असं सहवासाचं चित्र वारंवार दिसतं असं दाखवलं. म्हणजे ‘वेगवेगळ्या जाती एकत्र राहूच शकत नाहीत’ हेही खरं नाही. राहतात. पण राहतात त्या स्वतः निवडून, एक मोठी आणि एक लहान अशा तडजोडीनं, आणि नाही जमलं तर निघून जाण्याच्या शक्यतेसह. टाकीत आपण पहिल्या दोन गोष्टींची नक्कल करू शकतो. तिसरीची नाही.

इथपर्यंत मी भांडणाबद्दल बोललो. आता शांततेबद्दल बोलतो, कारण माझ्या मते खरा धोका तिथे आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

१९७३ साली जेराल्ड ॲलन यांनी न्यू गिनीच्या भागातल्या एका क्लाउनफिशला नवी जात म्हणून नाव दिलं: ल्युकोक्रॅनॉस, पांढऱ्या टोपीचा. १९८१ मध्ये बर्जेस यांनी थीलाय या नावानं आणखी एक जात नोंदवली, तीही मत्स्यव्यापारातून मिळालेल्या नमुन्यांवरून. पुढे अभ्यासकांना शंका यायला लागली आणि जनुकांच्या तपासणीनंतर पांढऱ्या टोपीवाल्याचं उत्तर मिळालं. ती स्वतंत्र जात नव्हती. क्रायसॉप्टेरस आणि सँडरासिनॉस या दोन जातींचं ते मिश्र अपत्य होतं. गंमत अशी की यांत आई नेहमीसारखी क्रायसॉप्टेरसच. का? कारण ती अंगानं मोठी. मघाशी सांगितलेली उतरंड आठवा. मोठा तो मादी, लहान तो नर. हा कायदा दोन जातींच्या मिश्र घरातही लागू झाला. जात कोणती याच्यापेक्षा आकार कोणता, हे जास्त बोललं.

आता हे घरच्या टाकीत आणून बघा. ऑसेलॅरिस आणि पर्क्युला या दोन जाती दिसायला इतक्या सारख्या की दुकानात दोघांनाही सर्रास पर्क्युला म्हणतात. फरक बारीक आहे: ऑसेलॅरिसच्या पाठीवरच्या परात बहुधा अकरा काटे, पर्क्युलाच्या दहा. पर्क्युलाच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या कडेची काळी रेघ बहुतेक वेळा जाड असते. पण त्यांचे प्रदेश वेगळे आहेत. ऑसेलॅरिस आपल्या अंदमानपासून फिलिपिन्स, जपानची दक्षिण बेटं आणि वायव्य ऑस्ट्रेलियापर्यंत. पर्क्युला न्यू गिनी, सॉलोमन बेटं, ईशान्य ऑस्ट्रेलियाच्या बाजूला. समुद्रानं त्यांना वेगळं ठेवलं. माणसाच्या टाकीनं त्यांची गाठ घालून दिली. आणि दोघंही स्वभावानं बऱ्यापैकी सौम्य, त्यामुळे एक मोठा, एक लहान घेतला तर अनेकदा जुळतंही. छंदवाला म्हणतो, बघा, दोन जाती गुण्यागोविंदानं राहतायत. मग अंडी होतात. पिल्लं कोणाची? कुठल्याच समुद्राची नाहीत.

घरात अंडी झाली आणि पिल्लं मेली तर प्रश्न मिटला. पण क्लाउनफिश हा बंदिस्त पाण्यात व्यापारी प्रमाणावर वाढवता आलेल्या पहिल्या समुद्री शोभेच्या माशांपैकी आहे. अमेरिकेत फ्लोरिडात मार्टिन मो यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते करून दाखवलं. त्यानंतर पट्टे तुटलेले, पूर्ण पांढरे, काळे असे निवडून वाढवलेले वाण बाजारात आले आणि त्यांच्या जोडीला दोन जातींचे संकरही. दिसायला सुंदर, हे मी नाकारत नाही. पण उद्या एखाद्या प्रवाळखडकावरचे मासे संपले आणि कोणी म्हणालं की टाकीतल्या माशांतून पुन्हा सोडूया, तर टाकीत शुद्ध जात शिल्लक असायला हवी ना? भांडणानं एक मासा मरतो. नोंद न ठेवलेल्या मिसळीनं हळूहळू नावच पुसलं जातं. नाव पुसलं गेलं की इतिहास संपला, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आपल्याकडेही हा प्रश्न आता परका नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाउनफिशांच्या प्रजननाची तंत्रं बसवली. नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाच्या पुढाकारानं शोभेच्या समुद्री माशांची हॅचरी उभी राहिली, ज्यातून किनाऱ्यावरच्या लोकांना रोजगाराचं एक साधन मिळावं असा हेतू आहे. ही चांगली गोष्ट आहे. खडकावरून पकडलेल्या माशाऐवजी हॅचरीत जन्मलेला मासा घ्या, हे मी प्रत्येकाला सांगतो. फक्त घेताना जात कोणती, आईबाप कोणते, एवढं विचारा. विचारणारे वाढले तर सांगणारे वाढतील.

एक अगदी अलीकडची गोष्ट सांगतो, कारण ती थेट आपल्या प्रश्नावर आहे. २०२४ च्या सुरुवातीला ओकिनावातल्या किना हायाशी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या छोट्या ऑसेलॅरिसांपुढे त्यांनी वेगवेगळे पट्टे रंगवलेल्या माशांच्या प्रतिकृती ठेवल्या. बिनपट्ट्यांची, एक पट्ट्याची, दोन पट्ट्यांची, तीन पट्ट्यांची. स्वतः ऑसेलॅरिसला तीन पट्टे असतात. सर्वात जास्त हल्ले झाले ते तीन पट्टेवाल्यावर. बिनपट्ट्यांच्या प्रतिकृतीकडे त्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. म्हणजे आपल्यासारखा दिसणारा तोच मोठा प्रतिस्पर्धी, कारण त्याला हवंय तेच घर आणि तोच जोडीदार. दुकानदारांचं ‘एकाच घराण्यातले’ हे वाक्य इथे पूर्ण उलटं होतं. घराणं जितकं जवळचं, तितका वाटा मागायचा हक्क मोठा. भाऊबंदकी म्हणतात ती हीच. (हशा)

पण यावरून कोणी ‘मग बिनपट्ट्यांचा मासा सोडतो’ असं म्हणून उठू नका. हा अभ्यास एका जातीच्या पिल्लांवरचा आहे. आणि माझा मरून? त्याला दुसऱ्याचे पट्टे मोजायचीही गरज पडली नाही.

शेवटाकडे आलो असताना एका ताईंची चिठ्ठी आलीय. त्या लिहितात: “माझ्या मुलीच्या टाकीत ऑसेलॅरिस आणि टोमॅटो क्लाउन आठ महिने एकत्र आहेत. काही त्रास नाही. मग तुमचं म्हणणं चूक नाही का?”

ताई, चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर मत्स्यशास्त्रापेक्षा इतिहासात जास्त आहे. पहिलं, साक्षीदार कोण, हे बघा. ज्यांच्या टाकीत जमलं ते चारजणांना सांगतात. ज्यांच्या टाकीत मासा मेला ते गप्प बसतात. मी वीस वर्षांनी आज पहिल्यांदा व्यासपीठावरून सांगतोय. त्यामुळे ऐकीव पुरावा नेहमी जमलेल्यांच्या बाजूनं झुकलेला असतो. दुसरं, काळ किती, हे बघा. बस्टन आणि गार्सिया यांनी २००७ मध्ये अंदाज मांडला की पर्क्युलाची मादी समुद्रात तीस वर्षांपर्यंत जगू शकते. त्या मापानं आठ महिने म्हणजे बालपण. पिल्लं असताना क्लाउनफिश खूप काही सहन करतात. त्यांतला एक मादी व्हायला लागला की उतरंड नव्यानं लावली जाते आणि तेव्हा खालच्याला पळायला जागा आहे की नाही, हे ठरतं. टोमॅटोची मादी ऑसेलॅरिसपेक्षा बरीच मोठी आणि तापट होते. तुमची मुलगी काळजी घेणारी आहे असं दिसतं, नाहीतर तुम्ही चिठ्ठी लिहिली नसती. तिला एवढंच सांगा: दुसरी छोटी टाकी आजच तयार ठेव. मध्ये घालायची जाळी ठेव. खाणं घालताना कोण मागे राहतो, कोण कोपऱ्यात उभा राहतो, परांच्या कडा अखंड आहेत का, हे रोज बघ. ज्या दिवशी एक मासा पृष्ठभागाशी कोपऱ्यात राहायला लागेल, त्या दिवशी वाट बघू नकोस, वेगळा काढ. मी पाच दिवस वाट बघितली.

माझी ती मादी अजून आहे. वीसहून अधिक वर्षं झाली माझ्याकडे येऊन. थोडी मंदावली आहे, पण हात पाण्यात घातला की अजून चावायला येते. तिच्या टाकीत तिचा नर आहे, एक समुद्रपुष्प आहे आणि तिसरा क्लाउन नाही. लोक येतात, म्हणतात, सर, टाकी रिकामी वाटते. मी म्हणतो, वाटू दे.